खराटा हाती असताना

माणूस ओळखण्याची विद्या आपल्याला उपजतच येते, असा आम्हा वऱ्हाडातल्या माणसांचा एक गोड समज आहे. अकोल्याहून अमरावतीला एस.टी.ने यायला निघा. अंतर शंभरेक किलोमीटरचे. मूर्तिजापूर यायच्या आत शेजारचा प्रवासी तुम्हांला तीन प्रश्न विचारून मोकळा होतो. "कोन्या गावचे जी?", "आडनाव काय?" आणि "घरी वावर किती हाय?" ही तीन उत्तरे हाती आली की त्याचा हिशेब पुरा होतो. आपली जात, ऐपत, बोलण्याची योग्यता, पुढे तंबाखूची डबी करायची की नाही, हे सगळे त्याने मनात ठरवून टाकलेले असते. पुण्यामुंबईकडचे लोक असे तोंडावर विचारीत नाहीत म्हणतात. ते न विचारता ठरवतात. त्यापेक्षा आमचे बरे, असे मला पूर्वी वाटत असे.

मी मानसशास्त्र हा विषय घेऊन बी. ए. करीत आहे. तेव्हा माणसांविषयी काही लिहावे अशी वार्षिकांकाच्या संपादकांनी आज्ञा केली. पुस्तकातले थोडेफार लिहिणार आहेच. परंतु जे खरोखर कळले, किंवा कळल्यासारखे वाटले, ते एका बसमध्ये, एका ओसरीवर आणि एका खानावळीत. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दिवाळीच्या आधीची गर्दी होती. अकोल्याच्या बसस्थानकावर अमरावतीची गाडी लागली आणि दाराशी झोंबाझोंबी सुरू झाली. तेवढ्यात एका तरुणाने बाहेरूनच खिडकीतून हात घालून तीन जागा धरल्या. एका जागेवर रुमाल, दुसरीवर जेवणाचा डबा आणि तिसरीवर एक मोठे पिवळे पाकीट. मग तो आत येऊन त्या तीन जागांसमोर राखणदारासारखा उभा राहिला. स्वतः बसला नाही. खिडकीतून सारखा बाहेर पाहत होता आणि जो येईल त्याला "येऊन राह्यले, येऊन राह्यले" एवढेच सांगत होता. गाडी भरली. माणसे उभी राहिली. शेवटी एक वयस्क शेतकरी चिडून म्हणाले, "तीन तीन जागा काय तुह्या बापाच्या हायेत रे?"

तो म्हणाला, "हो. बापाच्याच हायेत."

झाले! साऱ्या गाडीने त्याला उर्मट ठरवले. हल्लीची पोरे, शिक्षण, संस्कार, सगळे विषय निघाले. मीही मनातल्या मनात त्या चर्चेत होतो. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली, तरी कोणी आले नाही. तेव्हा तो "थांबवा, थांबवा" म्हणत आपल्या वस्तू गोळा करू लागला. पिवळे पाकीट उचलताना ते उलटे झाले आणि आतली काळी फिल्म निम्मी बाहेर सरकली. एक्स-रे होता. तो त्याने नीट आत ढकलला, पाकीट छातीशी धरले आणि गर्दीतून वाट काढीत फाटकाशी उतरून गेला.

गाडीत कोणी काही बोलले नाही. तीन जागा रिकाम्या होत्या आणि दहाबारा माणसे उभी होती. बोरगाव मंजूपर्यंत त्या जागांवर कोणी बसले नाही. पुढे बसले, पाय दुखतातच. ते वयस्क शेतकरी मात्र मूर्तिजापूरला उतरेपर्यंत उभेच होते.

ही हकिकत मी वर्गात सांगितली तेव्हा सगळ्यांना तिचा शेवट आवडला. उर्मट वाटणारा मुलगा वस्तुतः आजारी बापाचा आज्ञाधारक पुत्र निघाला! पण थांबा. आम्ही त्याला काहीच विचारले नव्हते. एक्स-रे कोणाचा होता हे आम्हांला ठाऊक नाही. बाप आला नाही की येऊ शकला नाही, आई बरोबर होती की नव्हती, हेही ठाऊक नाही. आमचा पहिला तर्क रुमालावरून होता आणि दुसरा पाकिटावरून. दुसरा आम्हांला अधिक आवडला, एवढेच. अनपेक्षित सत्य कळले म्हणून आपण ज्याला म्हणतो, ते पुष्कळदा असा दुसरा तर्क असते.

आता थोडे पुस्तकातले. एखादा माणूस वावगा वागला की आपण त्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधतो. आपण स्वतः तसेच वागलो की मात्र कारण परिस्थितीत सापडते. मी वर्गात उशिरा आलो तर सायकल पंक्चर झालेली असते. दुसरा उशिरा आला तर तो आळशी असतो. दुसऱ्यांच्या वागण्यात स्वभावाला फाजील महत्त्व देण्याच्या आणि परिस्थितीकडे डोळेझाक करण्याच्या या खोडीला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली एक नाव दिले. मराठीत त्याला 'मूलभूत आरोपणदोष' म्हणता येईल. नाव जड आहे, पण दोष आपल्या रोजच्या वापरातला आहे.

परिस्थितीचा जोर किती असतो, याचा एक प्रयोग फार बोलका आहे. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण विद्यालयातले, म्हणजे पुढे पाद्री होणारे, चाळीस विद्यार्थी त्यांनी घेतले. प्रत्येकाला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण करायचे होते. काहींना विषय दिला होता बायबलमधल्या भल्या शोमरोनी माणसाचा. वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्याला दोन धार्मिक पुढारी ओलांडून जातात आणि तिसरा, हलक्या समजल्या गेलेल्या जमातीचा माणूस, त्याची सेवा करतो, अशी ती कथा. विद्यार्थी निघाले की वाटेतल्या बोळात एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत बसलेला त्यांना दिसे. तो अर्थातच प्रयोगकर्त्यांनीच बसवलेला होता. ज्यांना "अजून वेळ आहे, सावकाश जा" असे सांगून पाठवले होते, त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याची विचारपूस केली. ज्यांना "तुम्हांला उशीर झाला आहे, लवकर निघा" असे सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता आहे याने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे भल्या माणसाची कथा मनात घोळवीत, ती सांगण्याच्या घाईत, काहीजण त्या कण्हणाऱ्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले!

हे वाचून मला हसू आले होते. मग आठवले, परीक्षेच्या दिवशी इर्विन चौकातून मी कसा जातो ते. हसू आवरते घेतले.

तरीही हे समजणे पुस्तकी होते. चुकतो तो आपला अंदाज, एवढेच मी धरून चाललो होतो. अंदाजाच्या दुसऱ्या टोकाला आपण स्वतः उभे असलो म्हणजे काय होते, हे मला राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात कळले.

आमचे सात दिवसांचे शिबिर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठाजवळच्या एका गावी होते. गावाचे नाव सांगत नाही. हा सगळा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी तो पसरला आहे. जमीन काळी, कसदार. पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. अशा गावात गोड्या पाण्याची किंमत काय असते, ते शहरात नळाखाली वाढलेल्याला सांगून पटणार नाही. आमच्या शिबिराच्या गावाला तीन दिवसांआड नळ येई. आला की सारे गाव हंडे, घागरी, प्लॅस्टिकचे ड्रम घेऊन धावे आणि मग ते पाणी तीन दिवस तुपासारखे पुरवी.

पहिल्याच दिवशी आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांनी संत गाडगेबाबांविषयी सांगितले आणि आमच्या हाती खराटे दिले. दुसऱ्या दिवशी मी आणि माझा एक मित्र एका गल्लीची नाली साफ करीत होतो. डोक्याला दुपट्टे बांधलेले, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, अंगभर धूळ आणि पायांना नालीतला काळा चिखल. ऊन चढले. घसा सुकला. समोरच्या घराच्या ओसरीवर पन्नाशी उलटलेल्या एक बाई धान्य निवडीत बसल्या होत्या. मी खराट्यासह अंगणात गेलो.

"बाई, थोडं पानी द्या जी."

"थांब तठीच. वर नोको येऊ."

बाई आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि ओसरीच्या कडेवर उभ्या राहिल्या. "ओंजळ कर." मी ओंजळ केली. हातभर उंचीवरून धार आली. निम्मे पाणी कोपरावरून खाली गेले. मी दोन ओंजळी प्यालो. मित्र मागे अंगणाच्या तोंडाशी उभा होता. त्याने पाणी घेतले नाही.

त्या क्षणी मला काय वाटले ते प्रामाणिकपणे सांगतो. राग नंतर आला. आधी वाटले की काहीतरी चूक होते आहे आणि ती कोणीतरी दुरुस्त करील. आणि तसेच झाले. गावातले एक गुरुजी रस्त्याने चालले होते. ते थांबून म्हणाले, "वहिनी, हे कॉलेजातले पोरं व्हय. हा तं मूर्तिजापूरच्या आपल्या गुरुजींचा पोरगा!"

"अव माय! मले काय मालूम? ये बाबू, ये, वर ये. बस खाटेवर."

खाटेवर चादर आली. गूळ आला. चहा ठेवला गेला. दोन मिनिटांपूर्वीचा मी आणि आताचा मी यांत काय फरक पडला होता? पायांना तोच चिखल होता. खराटाही हातातच होता. बाईंनी मग मित्राकडे पाहून विचारले, "अन् हा कोनाचा?"

मित्राने आपले गाव सांगितले, आडनाव सांगितले आणि त्याच दमात म्हणाला, "मी चहा पीत नाही जी." तो दिवसाला चार कप चहा पितो, हे आमच्या वसतिगृहात सर्वांना माहीत आहे. तो आधीच नाही म्हणाला, त्यामुळे त्याचा चहा माझ्याबरोबर कपात आला असता की वेगळ्या भांड्यात, हे आजतागायत आम्हां दोघांनाही माहीत नाही. तो पुन्हा नालीकडे गेला. मी चहा प्यालो. गुळाचा खडाही खाल्ला.

परत आल्यावर मी तणतणू लागलो. खराटा पाहून माणसाची किंमत करतात वगैरे. मित्राने काही वेळ ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुले आज समजलं. मले पहिल्या वर्गापासून मालूम हाय." आणि नालीतला गाळ ओढू लागला.

बाईंना मी मनातून एका खणात टाकून दिले होते. चौथ्या रात्री तो खण मोडला. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीला रात्री एकाएकी ताप भरला, उलट्या सुरू झाल्या. शाळेच्या खोलीत सगळ्या मुली घाबरून गेल्या. सर गाडीच्या शोधात गेले. ती बातमी कशी पसरली कोण जाणे. त्याच बाई कंदील घेऊन आल्या. गावात वीज गेलेली होती. बरोबर त्यांचा मुलगा होता आणि त्याच्या खांद्यावर गोड्या पाण्याची भरलेली घागर. नळ येऊन दोन दिवस झाले होते. म्हणजे ती घागर घरातले शेवटचे पाणी असणार. बाईंनी त्या मुलीचे डोके मांडीवर घेतले, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, मीठसाखरेचे पाणी चमच्याने पाजले. उलटी झाली की स्वतःच्या पदराने तोंड पुसले. पहाटेपर्यंत बसून होत्या. उजाडताच त्यांच्या मुलाने आपल्या गाडीने दर्यापूरच्या दवाखान्यात नेले.

सकाळी मी मित्राला म्हणालो, "पाहिलंस? ती पोरगी कोनाची, हे एकदा तरी विचारलं का त्यांनी?"

तो म्हणाला, "रात्री नाही विचारलं."

मी त्या उत्तरावर बरेच दिवस चिडून होतो. त्याला काही चांगले पाहायचेच नाही, असे मला वाटे. हाही आरोपणदोषच होता म्हणा!

गाडगेबाबांविषयी सरांनी जे सांगितले होते, ते मला यानंतर निराळे दिसू लागले. चरित्र आपल्याला शाळेपासून पाठ आहे. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव. परीट समाजातले घर. लहानपणीच वडील गेले, म्हणून मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी आजोळी वाढले. मामाच्या शेतात राबले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडले आणि पुढे जन्मभर फिरत राहिले. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हाती खराटा आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच खात, म्हणून लोकांनीच गाडगेबाबा हे नाव ठेवले. कुठे गोधडे महाराज म्हणत, कुठे चिंधेबुवा. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबा हयात असतानाच त्यांचे चरित्र लिहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या पुलाशी, बाबांनी देह ठेवला. बाबासाहेब आंबेडकरांना जाऊन त्या दिवशी चौदा दिवस झाले होते.

बाबांची रीत अशी की गावात शिरायचे ते झाडतच. कोणी विचारले नाही तरी काम करायचे, मग एखाद्या दारी भाकरी मागायची. ज्या गावात रात्री त्यांचे कीर्तन व्हायचे, तिथेच दिवसा त्यांना भिकारी किंवा वेडा समजून हटकले जाई. रात्री तीच माणसे त्यांच्यासमोर बसत आणि पाया पडायला धावत. पाया मात्र ते पडू देत नसत.

लहानपणी ही गोष्ट मला वेष पालटून फिरणाऱ्या राजाच्या गोष्टीसारखी वाटे. राजा रात्री फकिराच्या वेषात हिंडतो, सकाळी दरबारात मुकुट घालून बसतो आणि रात्री लाथाडणाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडतो. ऐकणाऱ्याला मोठी मजा येते. पण बाबांच्या गोष्टीत मुकुट नाही. दिवसाच्या चिंध्याच रात्री कीर्तनाला उभ्या राहत. राजाला लाथाडणारा म्हणू शकतो की मला काय माहीत तुम्ही राजे आहात! आमच्या त्या बाईही म्हणाल्याच होत्या, "मले काय मालूम?" बाबा ही सबब कोणाला उरू देत नव्हते, कारण माहीत होण्यासारखे वेगळे काही नव्हतेच. सकाळी ज्याला हाकलले तो झाडणारा माणूस होता आणि रात्रीही समोर झाडणाराच माणूस उभा होता.

कीर्तनातही ते उपदेशाचा पाट वाहू देत नसत. वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करावा का, नवसासाठी बोकड कापावा का, माणसाचा विटाळ मानावा का. माणसे एकसुरात "नाही" म्हणत. दिवसभर त्या गावाच्या दारोदार हिंडून बाबांनी ते गाव पाहिलेले असे. आणि "नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींनी त्याच सकाळी तोच विटाळ मानलेला असे. मग ती माणसे खोटी होती का? मला तसे वाटत नाही. आमच्या बाईही रात्री खोट्या नव्हत्या आणि सकाळीही खोट्या नव्हत्या. हे मान्य करणे अवघड जाते. एक खरे आणि दुसरे सोंग, असे ठरवता आले असते तर बरे झाले असते.

बाबा मात्र माणसांच्या "नाही"वर विसंबून बसले नाहीत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी दगडविटांची बांधकामे केली. ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पंढरपुरात, नाशिकला, मुंबईला धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरसारख्या ठिकाणी अस्पृश्य वारकऱ्याला कोणी पडवीत निजू देईना, तेव्हा त्याच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे ती वास्तू त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कीर्तन संपल्यावर माणूस आपल्या ओसरीवर परत जातो आणि ओसरी त्याला पुन्हा जुने वागायला लावते, हे त्यांना दिसत असले पाहिजे. तेव्हा निराळी ओसरीच बांधून द्यावी, असा हा व्यवहारी विचार. हा माझा तर्क आहे, त्यांचे वचन नव्हे.

आता एक उलट दिशेचे उदाहरण देतो, कारण माणसे म्हणण्यात चांगली आणि वागण्यात वाईट असतात, असा सरळ नियमही नाही. रिचर्ड लापिएर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी अमेरिकेत चिनी लोकांविषयी उघड तिरस्कार होता. लापिएर एका तरुण चिनी दांपत्याबरोबर मोटारीने देशभर सुमारे दहा हजार मैल हिंडला. २५१ हॉटेलांत आणि खाणावळींत ते गेले. फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी लापिएरने त्याच ठिकाणांना पत्रे पाठवून विचारले, की चिनी पाहुण्यांना आपण प्रवेश द्याल का? उत्तर पाठवणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी कळवले, 'नाही'. कागदावर 'चिनी' म्हणजे एक जमात होती. दाराशी उभे होते ते एक हसतमुख, नीटनेटके जोडपे, आणि तेही एका गोऱ्या प्राध्यापकाबरोबर. माझ्यावतीने ते गुरुजी बोलले, तसाच हा प्रकार.

या निबंधातली एक बारीक गोष्ट मी पहिल्या वाचनात सोडून दिली होती. आपण ठिकठिकाणच्या वागणुकीची नोंद ठेवतो आहोत, हे लापिएरने त्या दांपत्याला सांगितले नव्हते. सांगितले असते तर ते संकोचले असते आणि निरीक्षण बिघडले असते, हे त्याचे कारण. शास्त्राच्या दृष्टीने ते ठीकच. ते सोडून दिल्याबद्दल मला जे ऐकावे लागले, ते सांगून थांबतो.

शिबिरानंतर आठनऊ महिन्यांनी मी अमरावतीच्या बसस्थानकावर उभा होतो. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पुस्तकांची पिशवी. कोणीतरी विचारले, "बाबू, दर्यापूरची कोनती?" पाहतो तो त्याच बाई. हातात जड पिशवी. मी ओळखले, त्यांनी ओळखले नाही. मी फलाट दाखवला. थोडे बोलणे झाले आणि मग अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, "कोनाचा रे तू?"

का कोण जाणे, मी माझ्या मित्राचे गाव सांगितले आणि त्याचे आडनाव सांगितले.

"असं काय," बाई म्हणाल्या आणि रस्त्याकडे पाहू लागल्या. गाडी लागली. मी पिशवी उचलायला हात पुढे केला. त्यांनी ती झटकन स्वतःकडे ओढली. "राहू दे. होते माह्याच्यानं." त्या चढल्या. खिडकीची जागा मिळाली. गाडी निघताना त्यांनी मला हात केला.

पिशवी ओढून घेतली ती आडनावामुळे, की बसस्थानकावर परक्या पोराच्या हाती पिशवी देऊ नये या शहाणपणामुळे? आणि मग हात का केला? त्या दिवशी संध्याकाळी खानावळीत मी हे सगळे मोठ्या उत्साहाने मित्राला सांगितले. प्रयोगाचा निष्कर्ष सांगावा तसे. तो जेवता जेवता थांबला.

"अन् तिनं पिशवी देली असती, तं?"

"तर मग..."

"तं तू मले येऊन सांगितलं असतं, की पाय, बाई बदलली. माह्या आडनावानं." तो हळू बोलत होता. "तू ते आडनाव पाच मिन्टं घेतलं अन् गाडी गेल्यावर ठेवून देलं. मी कुठं ठेवू, सांग."

मला उत्तर आले नाही. त्याने वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली. बाकीचे जेवण आम्ही न बोलता संपवले.

हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी मी त्याला न विचारता दिला नाही. खोलीवर बसून तो सबंध वाचून दाखवला. त्याने दोन दुरुस्त्या सुचवल्या आणि त्या मी केल्या आहेत. ओसरीवर मी प्यालेला चहा आणि खाल्लेला गुळाचा खडा मूळ लेखात नव्हता. तो घाल म्हणाला. दुसरी दुरुस्ती पाण्याच्या जागेची. तहान नव्हती म्हणून मित्र अंगणाच्या तोंडाशी थांबला, असे मी लिहिले होते. त्याने माझे पेन घेतले आणि 'तहान नव्हती म्हणून' एवढे शब्द खोडले.